कोरड्या पदराचा तपास

माझ्या नणंदेच्या पदराचं टोक कोरडं असायचं, हा शोध मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी लावला, आणि पुढं सगळा जन्म त्या शोधावर काढला. यंदा त्याच नणंदेला उरलेल्या दिवसांसाठी छप्पर मिळणार की नाही हे माझ्या एका शब्दावर येऊन ठेपलं, तेव्हाही मी पदरच बघत होते. माणसाला एकदा तपासाची खोड लागली की सुटत नाही.

तर आधीचं सांगते. वन्संना रहिमतपूरकडं दिलेलं. त्या माहेरी आल्या की गल्लीच्या तोंडापासून गळा काढायच्या. आमच्या दारापर्यंत येता येता आवाज असा चढायचा की अंगणातल्या कोंबड्या खुराड्यात शिरायच्या. मग आतून सासूबाई त्याच सुरात बाहेर यायच्या. मायलेकी उंबऱ्यावर एकमेकींच्या गळ्यात पडायच्या आणि हेल काढून, शब्दाला शब्द जोडून रडायच्या. कुणी मेलेलं नसायचं. नुसती भेट झालेली असायची. आणि मग नळ बंद करावा तसं सगळं एकाएकी थांबायचं. वन्सं तोंडावरून पदर फिरवायच्या आणि विचारायच्या, "शेळी व्याली व्हय? करडं किती?"

मी साताऱ्यात वाढलेली. आमच्या घरी पाहुणा आला की "बरंय ना" म्हणून पाण्याचा तांब्या पुढं करायचे, संपलं. त्यामुळं उंबऱ्यावरचा हा प्रकार मला पहिल्याच दिवशी संशयास्पद वाटला. शिवाय मी मॅट्रिक. इंग्रजीत काठावर पास झाले होते, पण काठावर का असेना, पास. परीक्षेत 'क्रोकोडाइल टिअर्स' आलं होतं, अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. अर्थ मी बरोबर लिहिला होता: खोटं दुःख दाखवायला काढलेले अश्रू. उपयोग कुठं करायचा हे मात्र सासरी आल्यावर कळलं. सबंध इंग्रजी भाषेतलं तेवढं एकच हत्यार माझ्याजवळ होतं आणि ते मी वन्संवर रोखून धरलं.

पुरावा पाहिजे म्हणून मी त्यांचं लुगडं धुवायला मागून घ्यायची. सासूबाईंना वाटायचं, सून किती गुणाची. गुणाची सून दगडावर लुगडं टेकवायच्या आधी पदराचं टोक दोन बोटांत धरून चाचपायची, नाकाजवळ न्यायची, उन्हाकडं धरून बघायची. कोरडं ठणठणीत! एवढा गळा काढून टिपूस नाही. मी मनातल्या मनात कोर्ट भरवायची, वकील मीच, न्यायाधीश मीच, आणि निकाल दर वेळी तोच.

हे फौजेतून सुट्टीवर आले तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "तुमच्या बहिणीचे क्रोकोडाइल टिअर्स आहेत."

ह्यांनी डोळ्यांची काळजी करावी तसा चेहरा केला. "मग सांगलीला दाखवूया का? आमच्या युनिटमधी एकाला झालं हुतं, थेंब घालून बरं झालं."

शेवटी मी सासूबाईंनाच विचारलं. आमचं गाव कृष्णाकाठचं. नदीत मगरी. थंडीच्या दिवसांत वाळूवर ओंडक्यासारख्या पडलेल्या असायच्या, तोंड उघडं टाकून. मी म्हटलं, "आत्याबाई, मगर रडते म्हणतात, खरं का?"

"कोण म्हंतंय?"

"पुस्तकात आहे. भक्ष्य खाताना रडते म्हणे."

सासूबाई भाकरी थापायच्या थांबल्या. "इतक्या जवळनं ज्यानं बघितलं, त्यो सांगाया परत कसा आला गं?"

तेव्हा मला त्यांच्या अडाणीपणाचं हसू आलं होतं. आता वाटतं, सगळ्या शाळेत मिळून एकीनंही हा प्रश्न मास्तरांना विचारला नव्हता.

आणखी एका गोष्टीचा मला संशय होता आणि तिचा उलगडा मात्र होत नव्हता. वन्सं रडून, चहा पिऊन, दोन दिवस राहून जायच्या. सासरबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत. कुणी विचारलं तर "बरं हाय की सगळं" एवढंच. आणि त्या गेल्या की सासूबाई काहीतरी करायच्या. एकदा गाभण म्हैस दावणीची सोडून थेट रहिमतपूरकडं पाठवून दिली. एकदा धाकट्या दिराला पिटाळलं, जावयाला सांग म्हणून, की ह्या बाळंतपणात माझी लेक चौथ्या दिवशी पाण्याला जाणार नाही. सासूबाईंना कळायचं कसं? मायलेकी एका खोलीत कधी बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. मी तर पाळतीवरच असायची. तिकडचं कुणी इकडं फितूर आहे, अशी माझी खात्री होती, आणि बरीच वर्षं माझा संशय दूधवाल्यावर होता. बिचारा.

आता यंदाच्या उन्हाळ्याचं. सांगलीला माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डाव्याचा अजून राहिलाय. डोळ्यावर काळा चष्मा, त्याच्याआड सगळं धुरकट. डॉक्टर म्हणाले, "आजी, डोळ्याला पाणी लावायचं नाही, चोळायचा नाही, धक्का लागू द्यायचा नाही. आणि रडायचं तर मुळीच नाही."

मी म्हटलं, "ते शेवटचं घरच्यांना सांगा."

नात पाचगणीहून बोर्डिंगातून सुट्टीला आलेली. माझ्या डोळ्यात थेंब घालायचं काम तिच्याकडं. तिला सुट्टीचा अभ्यास दिलेला: भावनांबद्दलच्या इंग्रजी वाक्प्रचारांचे अर्थ, आणि प्रत्येकाचा घरातल्या एखाद्या प्रसंगात उपयोग. त्या दिवशी थेंब घालता घालता ती म्हणाली, "आजी, क्रोकोडाइल टिअर्सचं घरातलं उदाहरण सांग ना."

मला पन्नास वर्षांपूर्वीचं कोर्ट आठवलं. म्हटलं, "आपल्यातबी शब्द हाय त्याला. नक्राश्रू. पण तो पेपरातल्या पुढाऱ्यांसाठी ठेवलेला असतो. घरात कुणी म्हणत नाही. घरात आपण म्हणतो, वरवरचं रडं."

"पण उदाहरण?"

आणि अगदी त्याच वेळी दूध डेअरीच्या कोपऱ्यावर गळा निघाला.

मी आवाज ओळखला. म्हातारा झाला होता, मधेच चिरकत होता, पण चाल तीच. हे गेल्यापासून वन्सं आल्या नव्हत्या. मुलांनी त्यांना पुण्याला नेलेलं. रहिमतपूरकडच्या घराला कुलूप घालून झालं होतं, पुढं ते विकूनही टाकलं. आणि आज न सांगता, न सवरता, भर उन्हात वन्सं डेअरीपासून रडत येत होत्या. गल्लीतल्या बाया दारात आल्या. मोतीबिंदूत म्हातारी गेली असं समजून शेजारीण तर पदर खोचून धावत आत शिरली आणि मला बाजेवर बसलेली बघून चक्क हिरमुसली.

"आजी!" नात हळूच म्हणाली, "क्रोकोडाइल टिअर्स!"

"गप," म्हटलं, पण आतून मला बरंच वाटलं. माझा निकाल तिसऱ्या पिढीनं कायम केला होता.

वन्सं आल्या त्या थेट माझ्या गळ्यात पडायला. मी डोळ्याला धक्का बसेल म्हणून मान मागं ओढली आणि दोन्ही हात पुढं केले. "वन्सं, डोळा! डोळा संभाळा!" त्यांचा हेल मधेच तुटला. मग नेहमीसारखा पदर तोंडावरून फिरवला आणि म्हणाल्या, "तुजा डोळाच बघाया आले वयनी. सहज."

सहज हा शब्द मला कधीच आवडला नाही. सहज काही नसतं.

माझ्या चष्म्याआडून दिसत नव्हतं, पण तपास काही थांबत नाही. नातीला डोळे करून मी वन्संची पिशवी बघायला लावली. औषधांचा डबा, नेसायची पातळं, पाणी प्यायचा तांब्या, आणि तळाशी घडी करून एक वाकळ. उन्हाळ्याच्या दिवसांत, डोळा बघायला आलेल्या बाईनं, गोधडी कशाला आणावी?

मुलाचा संशय वेगळाच. तो मला गोठ्याकडं घेऊन गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आई, आत्ती हिस्सा मागाया आलीया. पुण्यात कुणीतरी वकील गाठून दिला असंल."

"ती तसं म्हणाली?"

"म्हणंल कशाला? सकाळी ती नदीकडच्या मळीतल्या रानाकडं बघत उबी हुती. मग गोठ्याकडच्या खोलीत डोकावली. त्या खोलीत कोण झोपतंय म्हणून इचारत हुती."

"तू काय सांगितलंस?"

"कांदं झोपत्यात म्हणलं."

खरं म्हणजे मलाही भीती वाटली होती. दोन दिवस मी वन्संच्या प्रत्येक शब्दामागं काय आहे ते हुंगत होते. त्या सुनेच्या हातची आमटी प्यायल्या आणि "बरी हाय" म्हणाल्या. बरी हाय म्हणजे काय? नदीवर जाऊन आल्या आणि "वाळू तशीच हाय की गं" म्हणाल्या. ह्यात वाळूचा हिशेब कुठून आला? मी पुण्याचं विचारलं की "पोरं लय चांगली हायती" म्हणायच्या, आणि पुढं काही नाही. चांगली पोरं असलेली बाई एवढी गप्प का?

तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "उद्या जाते वयनी."

मी म्हटलं, "ऱ्हावा की वन्सं."

"न्हाई बाई. जायाला पायजे."

ही आमच्याकडची रीतच. एकीनं राहा म्हणायचं, दुसरीनं नाही म्हणायचं. मनापासून राहा म्हटलं तरी शब्द तेच, घालवून द्यायचं असलं तरी तेच. त्यातून कुणाला काही कळत नाही, म्हणून तर ते इतकं सोयीचं. शिवाय आईबाप गेल्यावर माहेर भावाचं, आणि भाऊ गेल्यावर भावजयीच्या मर्जीचं. लेकीनं माहेरी कायमचं राहते म्हणून तोंडानं मागायचं नसतं. मागितलं आणि नाही म्हटलं गेलं, तर पुढं त्या दाराची पायरीसुद्धा चढता येत नाही.

सकाळी आम्ही त्यांना गाडीवर सोडायला निघालो. मी, नात आणि पिशवी धरून मुलगा. डेअरीसमोर कराडची गाडी थांबते. गाडी लांबून येताना दिसली म्हणे, मला दिसली नाही. आणि वन्संनी निरोपाचा गळा काढला.

ह्या वेळी त्यांनी आपणहून सांभाळून, डोळ्याच्या बाजूला न येता, माझ्या डाव्या खांद्यावर डोकं ठेवलं. मला त्यांचे डोळे दिसत नव्हते. पदर दिसत नव्हता. काळ्या काचेआड नुसता उजेड. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून मी ऐकत राहिले.

"आई गंऽऽ," वन्सं म्हणत होत्या, "तुज्या लेकीला आठव्या मजल्यावर टांगलीया गंऽऽ. पायाला माती लागंना गंऽऽ. पोरं कामाला जात्यात, भायेरनं कुलूप घालत्यात गंऽऽ. म्हातारी हरवंल म्हंत्यात गंऽऽ. लय चांगली पोरं गंऽऽ, पर लेक दिवसभर भिंतीसंगं बोलती गंऽऽ. गोठ्याकडंला खोली रिकामी गंऽऽ, भावजयीला कुठल्या तोंडानं मागू गंऽऽ."

मी गारच पडले.

म्हैस. बाळंतपण. दूधवाला. सगळं एकदम डोक्यात आलं. उंबऱ्यावर, माझ्या डोळ्यांदेखत, गल्लीच्या साक्षीनं वन्सं आईला सगळं सांगत होत्या, आणि मी मॅट्रिक पास बया ते सोडून दगडावर पदर हुंगत बसले होते! रडणं म्हणजे डोळ्यातलं पाणी असं मला पुस्तकानं शिकवलेलं. इथल्या बायकांना पाण्याचं काही नव्हतं. साध्या बोलण्यात जे मागता येत नाही ते गळा काढून मागायचं. दिलं तर दिलं, नाही तर रडण्यातलं कुणी धरून बसत नाही. दोघींची अब्रू जागच्या जागी. आणि पहिल्या दिवशी माझ्या गळ्यात पडून त्या हेच मागणार होत्या, तर मी "डोळा! डोळा!" करून त्यांचा अर्ज मधेच फाडला होता.

पण संशय तो संशय. आणि उत्तर द्यायचं तर त्याच सुरात द्यायला हवं. मी जन्मात कधी हेल काढला नव्हता. काढला. पहिला सूर असा निघाला की डेअरीसमोरचं कुत्रं उठून बसलं.

"वन्संऽऽ, हिस्सा मागाया आलासा का गंऽऽ?"

वन्संची मान माझ्या खांद्यावर एकदम ताठ झाली. पण हेल सुटला नाही. "हिस्सा कुणाला चाटायचाय गंऽऽ. हातरुणापुरती जागा गंऽऽ."

"त्या खोलीत कांद्याच्या पिशव्या गंऽऽ."

"मी हलवीन गंऽऽ."

"तुमचं वय झालं गंऽऽ, माजा ल्योक हलवंल गंऽऽ."

"आई?" मुलगा मागून म्हणाला.

"तुमी पहाटं उठून भांडी आपटता गंऽऽ, माजी झोप मोडती गंऽऽ."

"न्हाई आपटायची गंऽऽ."

"माज्या सुनंला नावं ठिवायची न्हाईत गंऽऽ."

इथं वन्सं जरा अडखळल्या. "आमटीत तिच्या मीठ कमी असतंय गंऽऽ," त्या म्हणाल्या, आणि मग मोठ्या कष्टानं, "पर न्हाई ठिवायची गंऽऽ."

गाडी येऊन थांबली होती. कंडक्टर दारातून ओरडला, "मावशे, चढायचं का न्हाई? का दोघी हितंच बसताय रडत?"

"ऱ्हावा गंऽऽ वन्संऽऽ," मी म्हटलं. शब्द कालचेच होते.

वन्संनी "न्हाई बाई" म्हटलं नाही. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी धुरळा उडवत गेली. आणि नळ बंद करावा तसा आमचा दोघींचा गळा थांबला.

मुलगा पिशवी घेऊन तसाच उभा. "म्हंजे आता काय ठरलं?"

"त्या खोलीतलं कांदं काढ," मी म्हटलं.

वन्संनी हात पुढं केला, माझ्या पदराचं टोक दोन बोटांत धरलं आणि चाचपलं. सावकाश, माझ्याच पद्धतीनं.

"कोरडाच की गं."

"डॉक्टरनी रडू नका म्हटलंय."

"मग एवढं भोकाड कशानं पसरलंस?"

"तुमी पसरलंसा म्हणून."

"व्हय," वन्सं म्हणाल्या. "लग्नाच्या पयल्या वर्सापास्नं माजा पदर हुंगतीयास. मला वाटायचं, ह्या साताऱ्याच्या पोरीला वासाचा काय रोग हाय का काय. आईला म्हणलंबी मी. आई म्हणली, हुंगू दे. हुंगून हुंगून शानी हुईल." मग चालायला लागल्या. "चल, च्या ठिव. तुज्या सुनंला सांग, साखर..." आणि तिथंच तोंड दाबून गप्प झाल्या. करार झाल्याला अजून गाडीचा धुरळाही बसला नव्हता.

पुण्याच्या पोरांना फोन मी केला. थोरला म्हणाला, "मामी, आम्ही कुठं कमी पडलो का?" मी म्हटलं, "नाही रे, तुम्ही लय चांगली पोरं. तुमच्या आईनंच सांगितलं." तो रडायला लागला. फोनवर रडणं खरं की खोटं, तपासायची सोय नाही. मी संशयाचा फायदा त्याला दिला.

नातीनं अभ्यास पुरा केला. क्रोकोडाइल टिअर्सचं वाक्य वाचून दाखव म्हटलं तर वही पाठीमागं लपवली. "तुझ्या डोळ्याला ताण नको," म्हणाली. एवढी काळजी तिला आजवर कधी नव्हती. चष्मा निघाला की बघते.

वन्संना आता गोठ्याकडच्या खोलीत वाकळ अंथरून बरेच दिवस झाले. सकाळी अनवाणी अंगणात फिरतात. पहाटे भांडी आपटत नाहीत, पण ठेवताना इतक्या हळू ठेवतात की त्या शांततेनं माझी झोप मोडते. हे मुद्दाम असावं असा माझा दाट संशय आहे. आणि त्या सकाळी गाडीवर कुणी कुणाला गळा काढायला लावला, हेही मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

ज्या दिवशी त्या राहिल्या, त्या दिवसाचं त्यांचं लुगडं मीच धुवायला घेतलं. चष्मा होता, म्हणून बोटांनी बघितलं. पदराचं टोक ओलं होतं. चांगलं ओलं. पण घरी आल्यावर चहा सांडला तेव्हा त्यांनी तो त्याच पदरानं पुसला होता. त्यामुळं खात्रीनं काही सांगता येत नाही. नाकाजवळ नेऊन बघणार, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"हुंग, हुंग."